आठ किलोच्या बाळासाठी रुग्णवाहिका तयार आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रुग्णवाहिकेविषयी वर्तमानपत्रात जे छापून येते ते बहुधा वेळेचे असते. फोन केल्यावर गाडी किती मिनिटांत आली, डिझेल होते का, घाटात बंद पडली का. हे विचारायलाच हवे. पण गाडी आली, दार उघडले, सात महिन्यांचे बाळ आत घेतले आणि कोयना खोऱ्यातून कराडला किंवा जतहून मिरजेला पोचेपर्यंत तास-दीड तास त्या डब्यात काय होते, याबद्दल कोणी लिहीत नाही. त्याविषयी हे पत्र आहे.

राज्यातली १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिच्या गाडीत डॉक्टर असतो, बहुतेकदा बीएएमएस झालेला. १०२ च्या (गरोदर बायका, बाळंतिणी आणि बाळांना नेणाऱ्या) गाडीत पुष्कळदा चालक एकटाच, आणि खासगी रुग्णवाहिकेत मागे कोण बसेल ते त्या दिवसावर. त्यामुळे गाडीत मुलाला सांभाळणारा माणूस, म्हणजे 'पॅरामेडिक', म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर हे सगळेच आहेत: १०८ वरचे डॉक्टर, तंत्रज्ञ, ग्रामीण रुग्णालयातून बाळासोबत पाठवलेली सिस्टर आणि पुढे स्टिअरिंगवरचा पायलटसुद्धा. अंबू बॅग (मास्क लावून हाताने दाबत श्वास देण्याची पिशवी) धरायला दुसरे दोन हात लागले की गाडी बाजूला घेऊन मागे येतो तो तोच.

मोठ्या माणसाच्या छातीत दुखत असेल तर यांचे हात आपोआप चालतात, कारण ते रोजचे आहे. लहान मुलांचे कॉल जगभरच थोडे असतात, साधारण दहातला एक किंवा त्याहून कमी, आणि त्यातले खरोखर गंभीर मूल आणखी क्वचित. श्वास थांबलेले तान्हे बाळ एखाद्याच्या वाट्याला दोन-दोन वर्षे येत नाही. शिवाय मोठ्याचे औषध अँप्यूलच्या (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीच्या) हिशेबाने जाते आणि मुलाचे किलोच्या. समोरच्या मुलाचे वजन गाडीत कोणालाच माहीत नसते. भीती तिथून सुरू होते, आणि आमच्या मते तिच्यावरचा अर्धा उपाय गाडी स्टँडवर उभी असतानाच करून ठेवता येतो.

ॲड्रिनॅलिनचे उदाहरण घ्या. आपल्याकडची नेहमीची अँप्यूल १ मिलिची, तिच्यात १ मिलिग्रॅम औषध. हृदय थांबलेल्या मुलाला शिरेतून डोस किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणून १० मिलिच्या सिरींजमध्ये एक अँप्यूल आणि ९ मिलि सलाईन घेऊन हलवायचे. आता किलोमागे ०.१ मिलि द्यायचे. १४ किलोला १.४ मिलि, ८ किलोला ०.८. एवढे थोडे मोठ्या सिरींजवर नीट मोजता येत नाही, तेव्हा थ्री-वे (दोन सिरींज जोडणारी तीन तोंडांची तोटी) लावून १ मिलिच्या सिरींजमध्ये ओढून घ्यायचे. टेबलावर हे दोन मिनिटांत समजते. हलत्या गाडीत, आई हंबरडा फोडत असताना, पातळ करायचेच राहते आणि अँप्यूल तशीच जाते: १४ किलोच्या मुलाला सात पट, ८ किलोच्या बाळाला साडेबारा पट. नाहीतर धास्तीने काहीच दिले जात नाही. त्यातून गांधीलमाशी चावून अंगभर गांधी उठल्या आणि दम लागला, तर हेच औषध मांडीच्या स्नायूत, पातळ न करता, किलोमागे ०.०१ मिलि द्यायचे असते. अँप्यूल तीच, वाट वेगळी, सिरींजमधले माप दहा पटींनी वेगळे. हे ज्याने हाताने कधी भरून पाहिलेले नाही त्याने ऐन वेळी गोंधळू नये, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग वजन कसे काढायचे? आधी आईला विचारावे. अंगणवाडीत वजन होत असते, आईला पुष्कळदा शेवटचा आकडा तोंडपाठ असतो आणि तो कुठल्याही सूत्रापेक्षा बरा. आई सोबत नसेल तर ३ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी महिन्यांत ९ मिळवून निम्मे करावे (७ महिन्यांचे ८ किलो), १ ते ६ वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक ८ (३ वर्षांचे १४ किलो). मुलाच्या उंचीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टी, ब्रोसलो टेप, काही ठिकाणी वापरतात. ती अमेरिकेतल्या मुलांवरून बेतलेली आहे आणि १० किलोंपुढच्या आपल्या मुलांचे वजन ती जास्त दाखवते, हे तपासून पाहिलेले आहे. गळीत हंगामात उसाच्या फडाजवळच्या कोपीतले (ऊसतोड मजुरांच्या झोपडीतले) तीन वर्षांचे मूल अनेकदा १०-११ किलोच भरते. तिथे पट्टी चुकेल आणि सूत्रही चुकेल. नजरेला मूल अंगाने खंगलेले दिसले तर एक पायरी खालचा आकडा धरावा.

हे गणित गाडीत कोणी करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ३ किलोपासून ३० किलोपर्यंतचा एक तक्ता मराठीत छापून, प्लास्टिकमध्ये घालून औषधांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. प्रत्येक वजनासमोर औषध *मिलिमध्ये*. मिलिग्रॅम लिहिले की पुन्हा गुणाकार आला. आणि तक्त्यावर ज्या ताकदीची अँप्यूल धरली आहे तीच पेटीत असली पाहिजे. मिडॅझोलम (आकडी थांबवण्याचे औषध) १ मिलित १ मिलिग्रॅम असेही मिळते आणि १ मिलित ५ मिलिग्रॅम असेही. भांडाराने यंदा ब्रँड बदलला आणि तक्ता जुनाच राहिला, तर त्या तक्त्यापेक्षा कोरी भिंत बरी.

औषधाच्याही आधी श्वास. मोठ्या माणसाचे हृदय बहुधा स्वतःच दगा देते. मुलाचे हृदय थांबते ते मुख्यतः आधी श्वास कमी पडल्यामुळे. म्हणजे मधे वेळ असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. दार उघडल्यावर हात लावण्याआधी अर्धा मिनिट नुसते बघावे: मूल आईकडे बघते का, की मान टाकून पडले आहे; पोट उडते का, बरगड्या आत ओढल्या जातात का, कण्हल्यासारखा आवाज येतो का; अंग पांढरे, निळसर किंवा जाळीदार दिसते का. मग श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. २ महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त असतील तर धाप आहे. मघाशी जोरात चाललेला श्वास मंदावला आणि मूल गप्प झाले, की घरचे म्हणतात, आता बरं वाटतंय. ते थकलेले असू शकते, आणि सगळ्यांत घाईची वेळ तीच. रक्तदाबावरही विसंबू नये. मुलांचा दाब अगदी शेवटी पडतो. तळवा थंड, नाडी भरभर, आणि छातीवर बोट दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागत असतील तर शॉक (अंगाला रक्त कमी पोचणे) धरून चालावे.

अंबू बॅगवर थोडे जास्त लिहितो, कारण मुलाचा जीव बहुतेक वेळा तिच्यावरच असतो आणि चुकाही तिथेच होतात. गाडीत मोठ्यांची बॅग असतेच. नवजात बाळाची सुमारे २५० मिलिची आणि मुलाची ४५० ते ५०० मिलिची, अशा आणखी दोन हव्यात, सोबत शून्य ते तीन नंबरचे मास्क. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत बसावा, डोळ्यांवर जाऊ नये. तान्ह्या बाळाचे डोके मागून मोठे असते, त्यामुळे पाठीवर झोपवले की मान पुढे दुमडते आणि श्वासाची वाट बंद होते. खांद्याखाली टॉवेलची घडी घातली की ती सरळ होते. मोठ्यासारखी मान मागे ताणली तरी बंदच होते. बाळ छताकडे बघतेय इतपत पुरे. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर. ती हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली की जीभ वर ढकलली जाऊन वाट पुन्हा अडते.

बॅग किती दाबायची? छाती जेमतेम उठेल इतकी. दर दोन-तीन सेकंदांना एकदा. घाबरलेला माणूस भरभर आणि पिळून दाबतो. मग हवा पोटात जाते, पोट फुगून छाती आणि पोटामधला पडदा वर येतो, उलटी होते. छाती उठत नसेल तर जोर वाढवण्याआधी मास्क पुन्हा बसवावा, मान पाहावी, सक्शनने घशातला स्राव ओढून घ्यावा. मुलांच्या बॅगेला जास्तीचा दाब सोडून देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो; फुप्फुस ताठ झाले असेल तर सगळी हवा तिथूनच फुसकन निघून जाते, तेव्हा तो बोटाने दाबून धरावा लागतो. मागची ऑक्सिजनची पिशवी लावलेली नसेल तर सिलिंडर जोडूनही मुलाला निम्माच ऑक्सिजन मिळतो. आणि धुऊन पुन्हा जोडताना आतली रबरी पडदी उलटी बसते किंवा बेसिनमध्येच राहते. तपासायला दहा सेकंद लागतात: पुढचे तोंड तळहाताने बंद करायचे, व्हॉल्व्ह दाबून धरायचा, बॅग दाबायची. हाताला अडथळा जाणवला तर ठीक. हे रोज ड्युटी बदलताना व्हावे.

श्वासनलिकेत नळी घालता येत नाही याचा न्यूनगंड १०८ वरच्या तरुण डॉक्टरांमध्ये दिसतो. त्याची गरज नाही. लॉस एंजेलिस परिसरात ८३० मुलांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णवाहिकेत नळी घातलेल्या मुलांचे जगण्याचे प्रमाण नुसत्या बॅग-मास्कवर आणलेल्या मुलांपेक्षा चांगले निघाले नाही. बॅग नीट धरता येणे हेच इथले मोठे कसब.

आकडीचा कॉल त्या मानाने नेहमीचा. गाडी पोचेपर्यंत मुलाच्या नाकाशी कांदा धरलेला असतो, दातांत चमचा असतो. तो आधी काढावा आणि मुलाला कुशीवर वळवावे. आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली की शीर शोधत बसू नये. मिडॅझोलम नाकातून किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. १० किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे फवाऱ्याला ०.५ मिलिग्रॅम देणाऱ्या स्प्रेचे चार फवारे, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. नव्या बाटलीचे पहिले काही फवारे हवेत सोडावे लागतात, नाहीतर मुलाला नुसती हवा मिळते. स्प्रे नसेल तर ५ मिलिग्रॅमवाले औषध ०.४ मिलि, दोन नाकपुड्यांत वाटून. १ मिलिग्रॅमवाले घेतले तर २ मिलि होते. ते नाकात मावत नाही, घशात उतरते. औषधानंतर श्वास मंदावू शकतो, म्हणून बॅग हाताशी. रक्तातली साखर तपासणे विसरू नये. ६० च्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचे साखरेचे पाणी), किलोमागे ५ मिलि. गाडीत बहुधा २५ टक्क्यांचे असते: १० किलोच्या मुलाला त्यातले २० मिलि आणि इंजेक्शनचे पाणी ३० मिलि मिसळले की झाले.

शीर सापडत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच. शॉकमधल्या मुलाची शीर कोणालाही सापडत नाही. दोन प्रयत्न किंवा दीड मिनिट, त्यानंतर औषध आणि सलाईन देण्यासाठी हाडातली सुई. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीला एक उंचवटा लागतो, त्याच्या किंचित खाली आतल्या अंगाला हाड सपाट असते; तिथे सुई काटकोनात धरून फिरवत दाबायची. एकदम सैल लागते आणि सुई आधाराशिवाय उभी राहते. सलाईन ढकलताना पोटरी फुगली तर सुई हाडाच्या पार गेली आहे. नुसती बाटली टांगून हाडातून वेगाने काही जात नाही, २० मिलिच्या सिरींजने ढकलावे लागते. ऐकायला भयंकर वाटते. चिकनच्या दुकानातून कोंबडीच्या तंगड्या आणून चार वेळा सुई घातली की ते भय निघून जाते. जगभर याचे शिक्षण असेच देतात, महागड्या पुतळ्यावाचून काही अडत नाही.

सलाईन किती, हा त्याहून नाजूक प्रश्न. ६ किलोच्या बाळाला ५०० मिलिची बाटली लावून नळीवरचे थेंब कमी-जास्त करायचे चाक सैल सोडले, गाडी हलत गेली, आणि पोचेपर्यंत ती संपली, तर किलोमागे ८० मिलिहून जास्त पाणी गेले. शॉकमध्ये एका वेळी किलोमागे १० मिलि, सिरींजने मोजून, मग पाणी जास्त झाल्याच्या खुणा म्हणून छातीत खरखर आणि यकृताची कड तपासून पुढचे. बाकी वेळ मिलिला ६० थेंब पाडणारा मायक्रोड्रिप सेट.

आणि विंचू. माण, खटाव, जत, आटपाडीकडे हा कॉल चुकत नाही. लाल विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, नाडी धावती, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. गार हात पाहून सलाईन ओतावेसे वाटते आणि नेमके तेच घातक ठरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरात आणल्यापासून या दंशाचे मृत्यू फार कमी झाले. डोस तोंडाने किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅमची साधी गोळी १० मिलि पाण्यात नीट विरघळवून १० किलोच्या मुलाला ३ मिलि. मूल आडवेच ठेवायचे, उठवून बसवायचे नाही, दाब पडतो. दुकानात ५ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी सहज मिळते. ती कुटून देणे धोक्याचे, तेव्हा पेटीत साधी १ मिलिग्रॅमचीच असावी. किंमत काही रुपये.

ऑक्सिजनचा हिशेब पायलटलाही यावा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास, आणि जतहून मिरजेला जाताना वाटेत एक टायर बदलावा लागला तर तो पुरत नाही.

आता प्रशिक्षण. दोन दिवसांचा कोर्स होतो, प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतो. त्या आठवड्यात विचारले तर सगळ्यांनाच आत्मविश्वास असतो. तीन ते सहा महिन्यांत हाताचे कसब उतरते. आत्मविश्वास मात्र काहींचा तसाच राहतो, आणि आम्हाला काळजी त्यांचीच जास्त वाटते. कर्मचाऱ्यांना 'तुम्हाला कितपत खात्री वाटते, १ ते ५' असे फॉर्म भरायला लावून यातले काही कळणार नाही. मोठा कोर्स बंद करा असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा २० मिनिटे, गाडी जिथे उभी असते तिथेच, त्याच गाडीत, त्याच पेटीतले साहित्य काढून सराव हवा. सभागृहात जे सापडते ते गाडीत कोणत्या कप्प्यात आहे, हाच तर प्रश्न असतो. पुतळा नसेल तर बाजारातली प्लास्टिकची बाहुली चालते. विषय मोसमाप्रमाणे घ्यावेत: मे महिन्यात विहिरीत आणि शेततळ्यात बुडालेली मुले (उलटे धरून गरगर फिरवण्यात मिनिटे जातात, आधी श्वास द्यायचा), पावसाळ्यात सर्पदंश, त्यापुढे डेंग्यू, थंडीत धाप. शिकवायला सातारा, कराड, मिरज, सांगली इथे बालरोग विभाग आणि अनुभवी सिस्टर आहेत. महिन्यातला एक दुपारचा तास त्यांना अशक्य नाही.

आम्ही दवाखान्यातल्या लोकांनीही एक कबूल करायला हवे. मूल उतरवून घेताना गाडीवरच्या माणसावर दारातच डाफरायचे, 'हे काय आणलंय, आधी का नाही आणलं,' ही आपली जुनी खोड. असे दोनदा झाले की तो पुढच्या वेळी काही करायच्या फंदात पडत नाही. मूल उचलतो आणि गाडी पळवतो. त्याचे तीस सेकंद शांतपणे ऐकावे: वय-वजन, काय दिसले, काय दिले आणि किती वाजता, त्यानंतर काय फरक पडला. आणि दोन दिवसांत त्याला फोन करून मुलाचे पुढे काय झाले ते सांगावे. आज त्याला ते कधीच कळत नाही. चुकले असले तरी कळत नाही, आणि बरोबर केले असले तरीही नाही.

जिल्हा प्रशासनाकडे आमचे मागणे खर्चाच्या मानाने किरकोळ आहे: मुलांच्या मापाच्या साहित्याची वेगळी लाल पिशवी, झाकणाला मराठी तक्ता, बाळाच्या पायाला गुंडाळायचा ऑक्सिमीटरचा प्रोब (मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटावर भलताच आकडा दाखवतो) आणि महिन्याची ती २० मिनिटे. गाड्यांची तपासणी होतेच. टायर, सिलिंडर, फिटनेसचे कागद पाहून झाले की तपासणाऱ्याने मागचे दार उघडून ड्युटीवरच्या माणसाला फक्त 'आठ किलो' म्हणावे आणि घड्याळ लावावे. मिनिट-दीड मिनिटात समोर तीन गोष्टी याव्यात: ५०० मिलिची बॅग, बाळाला बसणारा मास्क आणि ०.८ मिलि पातळ ॲड्रिनॅलिन भरलेली सिरींज.

आपले,
बालरोग अतिदक्षता विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका,
कराड व सांगली